नव्या घरात लॅनची लिंक पुन्हापुन्हा १०० वर का येते: कॅबिनेट आणि वायरिंगमधले दोष, त्यांचा शोध, उपाय

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला रो-हाऊस झालं किंवा गंगापूर रोडला फ्लॅटचा ताबा मिळाला. वायरमननं प्रत्येक खोलीत लॅनचा पॉइंट दिला, जिन्याखाली सगळ्या केबली एकत्र येतात ते कॅबिनेट बसलं, ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. राउटरजवळ मोबाइलवर पूर्ण स्पीड मिळतो, पण वरच्या खोलीत केबल लावून पाहिलं तर ९४. राउटर बंद करून चालू केला की ३०० येतात आणि दोन-चार दिवसांत परत ९४. मग ओएनटी (फायबर जिथं येऊन लागते तो कंपनीचा डबा) बदलून होतो, स्विच (एका केबलचे अनेक पोर्ट करणारा डबा) बदलून होतो, प्लॅनसुद्धा वाढवून होतो. दुखणं जागचं हलत नाही.

यातला ९४ हा आकडा महत्त्वाचा आहे. १०० एमबीपीएसच्या लिंकवर पॅकेटांचा वरखर्च वजा जाता हातात येतो तो वेग जास्तीत जास्त साधारण ९४ असतो. त्यामुळे स्पीड टेस्ट दर वेळी ९२ ते ९५ च्या मध्येच अडकत असेल, तर दोष इंटरनेट कंपनीच्या लाइनमध्ये शोधू नका. घरातली कुठली तरी एक लिंक १००० वरून १०० वर उतरली आहे.

ती उतरते कशी? लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० च्या लिंकला त्यातल्या दोनच जोड्या लागतात: पिन १-२ आणि ३-६. १००० ला चारही लागतात. पिन ४, ५, ७, ८ पैकी एक तार जरी सैल असली तरी १०० चालतं आणि १००० अडतं. दोन्ही बाजूंची उपकरणं वेग ठरवण्याची बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरच करतात, १००० ला होकार देतात, आणि प्रत्यक्ष लिंक उभी करायला जातात तेव्हा अपयश येतं. काही उपकरणं मग मुकाट्यानं १०० वर उतरतात. काही पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतात, आणि पोर्टचा दिवा लागतो-विझतो. रीस्टार्ट केल्यावर बोलणी नव्यानं होतात. त्या क्षणी सैल तार टेकलेली असेल तर १००० मिळतं. रीस्टार्टनं बरं वाटतं आणि परत बिघडतं त्याचं कारण हे. म्हणूनच रीस्टार्टला उपाय समजू नका, ती दोषाची खूण आहे.

आधी ठरवा, हा दोष आहे का

स्मार्ट टीव्हीच्या लॅन पोर्टवर १०० दिसत असेल तर काळजी सोडा. बहुतेक टीव्हींना आणि जवळजवळ सगळ्या आयपी कॅमेऱ्यांना १०० चाच पोर्ट असतो. स्वस्त यूएसबी-लॅन ॲडॉप्टरही बरेचदा १०० चेच असतात, त्यामुळे अशा ॲडॉप्टरवर तपासणी करून भिंतीतली केबल वाईट ठरवू नका. कंपनीनं दिलेल्या ओएनटीवर चार पोर्ट असले तरी चारही गिगाबिट (१००० चे) असतात असं नाही. पुष्कळ मॉडेलांत एकच गिगाबिट असतो, बाकीचे १०० चे. स्विचला जाणारी केबल त्या एका पोर्टात आहे का, हे ओएनटीच्या मागच्या लेबलवर आणि सेटिंगच्या पानावर पाहा. निम्म्या तक्रारी इथंच मिटायला हव्यात.

लिंक १००० आहे, तरी काही उपकरणांना मधूनच नेट मिळत नाही, ही तक्रार वेगळी. तिथं जुना राउटर वायफाय वाढवायला म्हणून दुसऱ्या खोलीत जोडलेला असतो आणि त्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचं काम, चालूच राहिलेलं असतं. ते बंद करा, त्याचा पत्ता मुख्य राउटरच्या वाटप-पट्ट्याबाहेरचा द्या आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा. आणि एकाच खोलीतले दोन पॉइंट कुणी पॅच कॉर्डनं (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या तयार केबलनं) एकमेकांना जोडले असतील, तर साधा स्विच असलेलं सगळं घर एका मिनिटात ठप्प होतं. ते आधी बघून घ्या.

कधी बिघडतं ते टिपून ठेवा

आठवडाभर वेळा टिपल्या तर शोध अर्धा होतो. संगणकावर दोन खिडक्या उघडून दोन पिंग (समोरून उत्तर येतं का पाहणारी आज्ञा) सतत चालू ठेवा: एक राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१) आणि एक इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला, ८.८.८.८ ला. दोन्ही तुटले तर दोष घरात. फक्त दुसरा तुटला तर ओएनटी किंवा त्याच्या पलीकडे.

दुपारी एक ते चारच्या दरम्यान, तेही एप्रिल-मेमध्ये, जात असेल तर उष्णता. सकाळी नळाला पाणी आल्यावर मोटार लावतात त्याच वेळी जात असेल तर वीज. वीज गेल्या-आल्याच्या क्षणी सगळंच रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टर. जूननंतरच सुरू झालं असेल तर ओल: भिंतीतली, नाहीतर बाहेरच्या फायबरच्या जोडातली. वेळेचा काहीच मेळ लागत नसेल आणि दरवाजा आपटला, टेबल सरकवलं, पंखा लावला की जात असेल, तर जॅक, म्हणजे भिंतीतलं लॅनचं सॉकेट.

केबल पकडायची पद्धत

क्रम चुकवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला.

१. कारखान्यात तयार झालेली, चांगली असल्याची खात्री असलेली पॅच कॉर्ड घ्या. गिगाबिट पोर्टचा लॅपटॉप थेट स्विचला, कॅबिनेटपाशीच जोडा. लिंक स्पीड १००० दिसला पाहिजे. विंडोजमध्ये तो सेटिंग्जमधल्या इथरनेटच्या पानावर लिहिलेला असतो.

२. तोच लॅपटॉप, तीच कॉर्ड, आता खोलीतल्या पॉइंटवर. १०० आलं तर दोष स्विचच्या पोर्टापासून जॅकपर्यंतच्या टप्प्यात आहे.

३. कॅबिनेटमध्ये त्या खोलीची कॉर्ड दुसऱ्या, चालू असलेल्या पोर्टात हलवा. दोष सोबत हलला तर केबल, जागेवर राहिला तर स्विचचा पोर्ट.

४. आता दोन्ही टोकांना आठ दिव्यांचा टेस्टर लावा. दिवे १ ते ८ क्रमानं लागले पाहिजेत. दिवे लागत असताना जॅक हलकेच हलवा आणि केबल वरखाली दाबा. नुसता टेस्टर लावून काढला तर सैल तार सापडत नाही.

टेस्टरची मर्यादा मात्र लक्षात असू द्या. तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचते का, एवढंच तो सांगतो. वायरमननं रंग आपल्या मनानं लावले असतील, म्हणजे केशरीची जोडी १-२, हिरवीची ३-४, निळीची ५-६, तपकिरीची ७-८, आणि दोन्ही टोकांना तेच केलं असेल, तरी आठही दिवे नीट लागतात. पण पिन ३ आणि ६ आता वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारांवर आल्या. पीळ वाया गेला. एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपतो, पॅकेटं खराब होतात. लहान अंतरावर चालल्यासारखं वाटतं, लांब खोलीत लिंक उतरते. हा दोष डोळ्यांनीच सापडतो: जॅक उघडा आणि रंग वाचा. क्रम असा हवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला बी पद्धत म्हणतात. ए पद्धतीत केशरी आणि हिरव्याची अदलाबदल होते. कुठलीही चालेल, पण घरभर एकच. जॅकवर दोन्हीचे रंग छापलेले असतात आणि घाईत वरची ओळ ए ची, खालची बी ची वाचली जाते.

मॅनेज्ड स्विच (ज्याचं सेटिंग बदलता येतं असा) असेल तर त्यात केबल तपासणीची सोय पाहा. कुठली जोडी तुटली आणि साधारण किती मीटरवर, हे तो सांगतो. साधारण अठरा मीटरच्या केबलला दोन मीटर म्हटलं तर पॅच पॅनेलकडचं (भिंतीतल्या केबली कॅबिनेटात ज्या पट्टीला येऊन लागतात तिच्याकडचं) टोक, अठरा मीटर म्हटलं तर खोलीतला जॅक, आणि अकरा म्हटलं तर भिंतीतलं दुखणं.

जॅकमध्ये काय बिघडतं

सर्वांत जास्त दोष इथं सापडतात आणि सर्वांत स्वस्तात इथंच सुटतात. जॅकपाशी जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. प्रत्यक्षात दोन-दोन इंच उलगडलेल्या तारा दिसतात. तार जॅकच्या पात्यात दाबून बसवणाऱ्या पंचिंग टूलची कापणारी बाजू बाहेरच्या दिशेला हवी. उलटी धरली की तार आतून कापली जाते, इन्शुलेशनवर लटकत राहते आणि टेकेल तेव्हा चालते. टूल नसताना स्क्रूड्रायव्हरनं दाबलेली तार पात्यात पूर्ण बसतच नाही.

दुसरा प्रकार नव्या घरांचा खास आहे. जॅक आधी बसवले जातात, रंगारी नंतर येतो. पुट्टीची भुकटी आणि प्रायमरचे थेंब पिनांवर बसतात. प्लास्टरला पाणी मारतात तेव्हा उघड्या बॉक्समध्ये पाणी शिरतं आणि पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर चढतो. असा जॅक घासत बसू नका, बदला. केबलचं टोकही दोन-तीन इंच कापून नवीन घ्या, कारण पाणी तारांच्या कडेनं आत ओढलं गेलेलं असतं.

भिंतीतली केबल एकसंध तारेची असते. तिच्या टोकाला थेट प्लग क्रिंप करून तो टीव्हीत किंवा स्विचमध्ये खोचणं ही सवय मोडायला हवी. तार वाकून कडक होते, प्लगच्या दातांपाशी सैल पडते आणि मग तुटते. भिंतीत जॅक, कॅबिनेटात पॅच पॅनेल, आणि दोन्हीकडे तयार पॅच कॉर्ड. छतातल्या ॲक्सेस पॉइंटला (वायफाय देणाऱ्या उपकरणाला) आणि कॅमेऱ्याला जागेअभावी प्लग लावावाच लागतो. तिथं एकसंध तारेसाठीचा, केबलच्या जाडीला जुळणारा प्लग मागून घ्या.

भिंतीतली केबल

जॅक दोन्हीकडे नवे करूनही टेस्टरवर एखादा दिवा लागत नसेल, तर भिंतीत तीनच शक्यता. एक, मधे जोड आहे: केबल कमी पडली म्हणून तारा पिळून टेप मारलेली. असा जोड सुरुवातीला चालतो, मग तारेवर थर चढतो, आणि हवेत ओलावा वाढला की तो तुटल्यासारखा वागतो. दोन, सुताराचा स्क्रू. टीव्ही पॅनेल, वॉर्डरोब, पेल्मेट लावताना पाइप फोडून स्क्रू केबलमध्ये शिरतो. अशा केबलच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटरचा बझर वाजतो. तीन, एल्बोमध्ये ओढताना ताण बसून तार तुटली आहे. कॅट ६ (लॅन केबलची एक प्रत) केबलवर साधारण ११ किलोपेक्षा जास्त ओढ पडू नये. दोन माणसं पाय रोवून ओढतात तेव्हा ती कधीच ओलांडली जाते.

आणखी एक चूक विजेच्या सवयीतून येते. दिव्यांचे पॉइंट जसे लूप करतात, तशी एकच केबल हॉलमधून बेडरूममध्ये आणि तिथून पुढे नेलेली असते, वाटेतल्या जॅकवर दोन केबली एकत्र पंच केलेल्या. लॅनमध्ये हे चालत नाही. प्रत्येक पॉइंटची केबल सलग, जोडाविना, कॅबिनेटपर्यंत आली पाहिजे. तुमच्या घरी लूप असेल तर मधल्या जागी दोन्ही केबलींना वेगवेगळे जॅक लावा आणि तिथं पाच पोर्टचा छोटा गिगाबिट स्विच ठेवा. देखणं नाही, पण पक्कं चालतं.

तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियम

हा भाग मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण घर बांधून झाल्यावर या चुकीला सोपा उपाय उरत नाही. बाजारात सीसीए केबल मिळते: ॲल्युमिनियमची तार, वर तांब्याचा पातळ मुलामा. खोक्यावर कॅट ६ छापलेलं असतं. किंमत बरीच कमी असते, आणि ठेक्यात साहित्य वायरमनचं असेल तर हीच भिंतीत जाण्याची भीती जास्त. ॲल्युमिनियम जॅकच्या पात्यातल्या दाबाखाली हळूहळू सरकतं, उघड्या जागी त्यावर ऑक्साइडचा थर येतो, आणि काही महिन्यांत पकड सैल होते. पुन्हा पंच केलं की बरं, परत सैल. दोन-तीनदा वाकवली की तारही तुटते. शिवाय विरोध तांब्याच्या सुमारे दीडपट, त्यामुळे पीओईवर, म्हणजे लॅन केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर, चालणारे कॅमेरे लांब अंतरावर रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच रीस्टार्ट होतात.

ओळखायची कशी? पहिली खूण वजन. कॅट ६ च्या ३०५ मीटर खोक्यात आठ तारांचं नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या आसपास होतं. आवरण, मधला क्रॉस, खोका धरून वजन दहा किलोच्या वर जायला हवं. आठ किलोच्या आतलं खोकं परत द्या. दुसरी खूण, ब्लेडनं तार खरवडा. आत पांढरी दिसली तर ॲल्युमिनियम. तिसरी खूण मीटरची, आणि ती भिंतीत गेलेल्या केबललाही लागू पडते. लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळा, जवळच्या टोकाला ओहम मोजा, मीटरच्या वायरींचा स्वतःचा विरोध त्यातून वजा करा. २३ गेज जाडीच्या शुद्ध तांब्याच्या ३० मीटर केबलला साधारण ४ ओहम येतात. २४ गेजच्या कॅट ५ई ला ५. सहाच्या वर गेलं तर सीसीए किंवा फारच बारीक तार. केबलवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांच्या आकड्यांची वजाबाकी केली की लांबी मिळते.

एमजी रोडवर असो वा ऑनलाइन, घेताना बिलावर 'शुद्ध तांबं, कॅट ६, २३ गेज' असं लिहून घ्या. कॅट ६ए किंवा शिल्डेड केबलचा आग्रह घरात धरू नये. ती जाड असते, पाइपात मावत नाही, आणि शिल्डचं अर्थिंग नीट न केल्यास फायदा शून्य. साधी कॅट ६ घरातल्या अंतरांवर २.५ गिगाबिट आरामात नेते, आणि ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही.

अजून झिरी मारायची असेल तर

मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव भागात ज्यांचं बांधकाम चालू आहे, त्यांनी हे स्लॅबच्या आधीच ठरवावं. छतातल्या ॲक्सेस पॉइंटचा पाइप स्लॅबमध्ये पंख्याच्या पाइपासोबतच टाकायचा असतो, नंतर तो फॉल्स सीलिंगशिवाय जमत नाही.

तळमजला आणि वर एक मजला, तीन बेडरूम, असा हिशेब धरू. टीव्हीमागे २, अभ्यासाच्या टेबलापाशी २, प्रत्येक बेडरूममध्ये १, दोन मजल्यांवर छतात १-१ ॲक्सेस पॉइंट, ४ कॅमेरे, गेटवर डोअरफोनला १. एकूण १४. सरासरी १७ मीटर धरले तर २३८ मीटर, म्हणजे एक खोकं पुरतं. कॅबिनेटकडे प्रत्येक केबल दीड मीटर जास्त सोडा, जॅककडे एक वीत. डीटीएचची कोॲक्स केबल गच्चीवरून वेगळी आणा.

पाइप २५ मिमीचा, मीडियम, आयएसआय शिक्क्याचा. त्यात तीन केबली मोकळ्या जातात, चार म्हणजे हद्द. २० मिमीच्या पाइपात दोनच. वळणाला एल्बो नको, लांब बेंड वापरा. दोन ओढ-बॉक्सच्या मधे काटकोनाची दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. कॅट ६ ला वळणाची त्रिज्या किमान २५ मिमी लागते. विजेच्या पाइपाशी समांतर धावत असेल तर एक फूट अंतर, आणि ओलांडायचाच असेल तर काटकोनात. २३० व्होल्टच्या वायरी आणि लॅन केबल एका पाइपात कधीही नकोत, हा आधी जिवाचा प्रश्न आहे, सिग्नलचा नंतर. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी सोडून ठेवा, केबल ओढून झाल्यावरसुद्धा. ओढण्याआधी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांवर तोच क्रमांक टाका, आणि टोकं टेपनं बंद करा म्हणजे पाणी शिरणार नाही. झिरी उघडी असतानाच प्रत्येक भिंतीचे मोबाइलवर फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला लावून. सुतार येईल तेव्हा तेच दाखवायचे.

कॅबिनेट

जिन्याखाली इन्व्हर्टर आणि बॅटरी असते, म्हणून कॅबिनेटही तिथंच, हा रिवाज सोडून द्या. लेड-ॲसिड बॅटरीच्या आम्लाच्या वाफेनं जॅक आणि पोर्ट गंजतात. पश्चिमेची भिंत आणि माळा हेही नकोत. मेमध्ये बाहेर पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उन्हाच्या भिंतीवरचं बंद कॅबिनेट सहज पन्नाशीपुढे जातं, आणि घरगुती राउटर, ओएनटी बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. बाथरूमच्या पाठची भिंतही टाळा. पॅसेज किंवा अभ्यासाच्या खोलीतली आतली भिंत उत्तम, छातीच्या उंचीवर, समोर उभं राहून काम करता येईल अशी.

विजेच्या डीबीसारखा (एमसीबींच्या डब्यासारखा) चपटा पत्र्याचा डबा भिंतीत बसवून त्यात ओएनटी कोंबणं ही नाशिकच्या नव्या फ्लॅटांत सर्रास दिसणारी चूक आहे. डब्यात हवा नाही, ॲडॉप्टरला जागा नाही, फायबर दाबली जाते, आणि पत्र्यामुळे वायफाय बाहेर पडत नाही. असा डबा मिळालाच असेल तर त्यात फक्त केबलींची टोकं ठेवा आणि ओएनटी, स्विच बाहेर जवळच्या शेल्फवर लावा. दुपारच्या रीस्टार्टचा त्रास एवढ्यानं थांबतो.

वर सांगितलेल्या १४ पॉइंटना ९ यूचं (यू म्हणजे कॅबिनेटातला उंचीचा एक कप्पा), १९ इंची, भिंतीवरचं कॅबिनेट घ्या. ६ यू पुरेल असं दुकानदार म्हणतो, पण हिशेब मांडून पाहा: पॅच पॅनेल १, केबल मॅनेजर १, स्विच १, मोकळी जागा १, ओएनटी, राउटर आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) यांच्या शेल्फला २, पॉवर पट्टी १. सात झाले. खोली ४५० मिमीपेक्षा कमी नको, एनव्हीआर मोठा असेल तर ५५०. बाजूंना जाळी हवी, वर पंख्याची जागा हवी. पंखा वरून हवा बाहेर फेकणारा असावा आणि खालून हवा आत येण्याची वाट मोकळी ठेवावी. ओएनटीवर स्विच, स्विचवर राउटर असा ढीग रचू नका. एएसी ब्लॉकची (हलक्या सच्छिद्र ब्लॉकची) भिंत असेल तर साधे प्लास्टिक गिट्टे वजन धरणार नाहीत, त्या ब्लॉकसाठीचे अँकर वापरा किंवा आरपार बोल्ट आणि मागे पट्टी घ्या.

स्विच १६ पोर्टचा गिगाबिट, त्यात निदान ८ पीओई. दोन ॲक्सेस पॉइंटना १३-१३ वॅट, चार कॅमेऱ्यांना साधारण ६-६, डोअरफोनला थोडं, मिळून ६० च्या आसपास. ६५ वॅटचा स्विच काठावर पडतो. १२० चा घ्या, नाहीतर रात्री कॅमेऱ्यांचे दिवे लागताच एखादा पोर्ट बंद पडेल. वायफायचं काम कॅबिनेटातल्या राउटरवर सोडू नका, ते छतातल्या ॲक्सेस पॉइंटचं.

वीज

कॅबिनेटसाठी डीबीतून वेगळी ६ अँपिअरची एमसीबी आणि इन्व्हर्टरच्या लाइनवरचे दोन सॉकेट. मोटार, गिझर यांच्या सर्किटवर हे सॉकेट नकोत. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे बहुधा 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं. नॉर्मलवर असेल तर वीज जाताना इन्व्हर्टर उशिरा लागतो आणि व्होल्टेज बरंच खाली घसरेपर्यंत वाट बघतो. तेवढ्यात ओएनटी रीस्टार्ट होतो, आणि मोटार लागल्यावरच्या घसरणीतही तेच. बटण यूपीएसवर ठेवा. तरीही रीस्टार्ट होत असेल तर ओएनटी आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस द्या. त्याआधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळवा. पीओई स्विचला मात्र तो चालत नाही, त्याला वेगळा व्होल्टेज लागतो.

कॅबिनेटच्या पत्र्याला अर्थिंग जोडा. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एसी व्होल्ट मोजा. एक-दोन ठीक. दहा-वीस दिसले तर लॅनचं काम थांबवून आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि न्यूट्रल तपासून घ्या.

फायबर आणि गेटचे कॅमेरे

फायबर बहुधा खांबावरून गच्चीवर आणि तिथून खाली येते. तिच्यासाठी गच्चीपासून कॅबिनेटपर्यंत वेगळा २५ मिमी पाइप ठेवा. बाहेरचं तोंड खाली वळलेलं असावं, म्हणजे पावसाचं पाणी आत उतरणार नाही. कॅबिनेटात जास्तीची फायबर मुठीएवढ्या मोठ्या वेटोळ्यात ठेवा, तिला टाय घट्ट आवळू नका. हिरवा कनेक्टर हिरव्यालाच, निळा निळ्यालाच. ओएनटीच्या पानावर येणारा प्रकाश डीबीएममध्ये दिसतो. उणे १५ ते उणे २४ चांगला, उणे २७ म्हणजे काठ. कोरड्या दिवसाचा आकडा लिहून ठेवा. पावसात तो ३ नं घसरला तर प्रकाश निम्मा झाला, आणि जोडात पाणी किंवा वाकलेली वायर आहे. तक्रार करताना हे दोन्ही आकडे सांगितले तर कंपनीचा माणूस ओएनटी बदलून परत जाणार नाही.

गेटपर्यंत जमिनीतून जाणारी केबल बाहेरच्या वापराची, काळ्या पीई आवरणाची हवी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पाइप ओढते. म्हणून ३२ किंवा ४० मिमी एचडीपीई पाइप दीड-दोन फूट खोल, आणि दोन्ही टोकांना केबलचं सैल वेटोळं. मेअखेरच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांनी गेटचा कॅमेरा आणि सोबत स्विचचा पोर्ट जातो. त्या केबलीला कॅबिनेटकडे अर्थिंगशी जोडलेला लॅन सर्ज प्रोटेक्टर लावा. आउटहाऊसला वेगळं अर्थिंग असेल, तर तिथं तांब्याची केबल नेऊच नका, फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर लॅन केबलला जोडणारे डबे) वापरा.

पैसे चुकते करण्याआधी

तपासणी दोनदा: एकदा प्लास्टरनंतर पुट्टीच्या आधी, एकदा रंग झाल्यावर. पहिल्या वेळी टेस्टर आणि ओहम. दुसऱ्या वेळी प्रत्येक पॉइंटवर लॅपटॉप लावून लिंक १००० आहे का, आणि कॅबिनेटातल्या दुसऱ्या गिगाबिट संगणकाशी आयपर्फ ३ (वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवून दहा मिनिटं ९३०-९४० टिकतात का. इंटरनेटची स्पीड टेस्ट इथं उपयोगाची नाही. निकाल पॉइंटच्या क्रमांकासह कागदावर उतरवा आणि कॅबिनेटच्या दारावर आतून चिकटवा.

भिंतीतलीच केबल खराब निघाली तर आधी ती दोन्ही टोकांनी हलकेच सरकते का पाहा. सरकली तर तिच्याच टोकाला नवी केबल आणि दोरी बांधून बदलता येते. हलली नाही तर जोर लावू नका. स्कर्टिंगच्या वरून पट्टी मारून नवी केबल न्या. तेही नको असेल आणि केशरी-हिरव्या जोड्या शाबूत असतील, तर ती केबल टीव्ही किंवा कॅमेऱ्याला द्या आणि संगणकाला शेजारची चांगली. तिथं गिगाबिट पोर्टचं उपकरणच लावावं लागलं, तर मॅनेज्ड स्विचमध्ये त्या पोर्टची बोलणी स्वयंचलितच ठेवून फक्त १०० ची परवानगी द्या, म्हणजे लिंक पडणं-उठणं थांबेल. बोलणी बंद करून एका बाजूला जबरदस्तीनं '१०० फुल' लावलं, तर समोरचं उपकरण हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेनं डेटा) धरतं आणि वेग आणखी कोसळतो.